गरब्याच्या टॅटूसाठी एअरब्रश: जोडणी, वापर आणि सफाई

नवरात्र आली की गरब्याला जाणाऱ्यांना पाठीवर, दंडावर रंगीत टॅटू काढून देणाऱ्यांची चलती असते. स्टेन्सिल (नक्षी कापलेला साचा) आणि एअरब्रश (हवेच्या जोरावर रंग फवारणारा ब्रश) असेल तर हे काम भराभर उरकतं. फक्त ऐन गर्दीत ब्रश थुंकायला, म्हणजे रंगाचे थेंब उडवायला, लागता कामा नये. तो थुंकतो तेव्हा दोष बहुधा ब्रशचा नसतो. एक तर हवेत पाणी असतं, नाहीतर टोकाच्या बारीक तोंडात, म्हणजे नोझलमध्ये, रंग वाळलेला असतो. त्यामुळे पैसे हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरवर घाला आणि वेळ सफाईवर.

ब्रश डबल अ‍ॅक्शनचा, वरच्या बाजूला रंगाची वाटी असलेला घ्या. ट्रिगर खाली दाबला की हवा येते, मागे ओढला की रंग. नोझल ०.३ मिमीचं पुरे. ०.२ मिमीवर रेघ सुरेख येते, पण अंगाच्या रंगातली पूड त्यात अडकते. मोठा भाग भरायचा असेल तर ०.५ मिमीचं बघा.

कॉम्प्रेसरला टाकी हवी, छोटी ३ लिटरची असली तरी चालेल. टाकी नसेल तर हवा हिसके देत येते आणि ते हिसके रंगात उमटतात. सोबत दाब कमीजास्त करायचा रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप हवाच. आपल्याकडे नवरात्रापर्यंत हवेतला दमटपणा जात नाही, कोकणात आणि मुंबईत तर नाहीच. दिवसाचं काम संपलं की टाकीतला दाब आधी उतरवा, मग खालचा स्क्रू सैल करून पाणी काढून टाका.

जोडणीला फार वेळ लागत नाही. हवेच्या नळीच्या कॉम्प्रेसरकडच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे द्या. नळीच्या ब्रशकडच्या टोकाला वॉशर असतो, तिथे टेप नको. हवा सुरू करून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तिथे गळती आहे. दाब १५ ते २० पीएसआय (दाब मोजायचं एकक) ठेवा आणि तो ट्रिगर दाबलेला असतानाच बघा, कारण हवा वाहू लागली की काटा खाली येतो.

आता रंग. अंगावर लावण्यासाठी बनवलेलाच रंग वापरायचा, त्यात तडजोड नाही. पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्तींवर मारतात तो रंग, किंवा चित्रकलेचा अ‍ॅक्रेलिक, बाटलीवर ‘बिनविषारी’ लिहिलेलं असलं तरी त्वचेसाठी नाही. पाण्याच्या पायावरचा रंग घामाने ओघळतो, म्हणून गरब्याला अल्कोहोलच्या पायावरचा बरा. तो चेहऱ्यावर मात्र कधीही मारू नका. तो पेट घेतो. दिवा, उदबत्ती, सिगारेट जवळपास नको, आणि जागा हवेशीर हवी. ज्याची त्वचा नाजूक आहे त्याला आदल्या दिवशी ठिपकाभर लावून पाहायला सांगा. खरचटलेल्या जागी काम घेऊच नका, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी.

बाटली नीट हलवा आणि वाटीत पाच-सहा थेंबच घाला. रंग दुधाइतका पातळ हवा. त्वचा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी होऊ द्या, स्टेन्सिल घट्ट दाबून धरा आणि ब्रश सरळ उभा ठेवा. तिरका धरलात की रंग कडेखाली शिरतो. ५ ते ७ सेंटिमीटरवरून पातळ थर द्या, एक वाळला की दुसरा. आधी हवा सुरू, मग रंग; थांबताना आधी रंग बंद, मग हवा. हा क्रम चुकला की टोकाशी थेंब साचतो आणि पुढच्या फवाऱ्याला पाठीवर डाग पडतो. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर स्टेन्सिलही अल्कोहोलने पुसायचं.

रंग बदलताना वाटी रिकामी करून एअरब्रशचा क्लीनर घाला आणि तो स्वच्छ बाहेर पडेपर्यंत फवारत राहा. मग दाब कमी करा, नोझलच्या तोंडावर कापड धरा आणि ट्रिगर अलगद मागे ओढा. हवा उलटी वाटीत येते आणि बुडबुड्यांबरोबर कोपऱ्यातला रंग सुटतो. कापड न धरता आपोआप बुडबुडे येत असतील तर नोझल नीट बसलेलं नाही किंवा चिरलेलं आहे.

रात्री निडल, म्हणजे ब्रशच्या आतली लांब सुई, बाहेर काढा. मागचं टोपण काढून निडल पकडून ठेवणारा चिमटा सैल करा आणि सरळ मागे ओढा, न पिळता. ओल्या टिश्यूत धरून जाड बाजूकडून टोकाकडे पुसा, उलट दिशेने नाही, नाहीतर बोटात घुसेल. टोक वाकलंय का ते कळत नसेल तर ते टिश्यूवरून हलकेच मागे ओढा. धागे अडकले तर वाकलंय. वाकलेली निडल मागे खेचायची नाही, आधी नोझल सोडवायचं, नाहीतर नोझलची आतली कड खराब होते. नोझल छोट्या पान्याने, बोटाच्या जोरापेक्षा किंचित जास्त जोर लावून कसा. ते फार नाजूक असतं आणि त्याच्या आट्या जास्त पिळल्या तर तुटतात.

अख्खा ब्रश थिनरमध्ये भिजत टाकायची सवय काहींना असते. त्यात आतले रबरी वॉशर फुगतात. निडलवर आणि ट्रिगरखाली एअरब्रशचंच वंगण थेंबभर द्या. घरचं तेल रंगात मिसळतं. मधल्या वेळात टोकाशी रंग वाळून फवारा बारीक झाला तर क्लीनरमध्ये बुडवलेला मऊ कुंचला टोकावरून फिरवा.

त्याच कंपनीची, त्याच मापाची एक निडल आणि एक नोझल डबीत जास्तीची ठेवा. दुसऱ्या कंपनीचं नोझल, माप तेच असलं तरी, बसेलच असं नाही, आणि अष्टमीच्या रात्री ते बाजारात मिळणार नाही.