हक्कसोडपत्र कसे करावे?

वडील गेले, घर-जमीन सगळ्या भावंडांची झाली आणि आता बहिणीला आपला हिस्सा भावाच्या नावे करून द्यायचा आहे. महाराष्ट्रात यासाठी हक्कसोडपत्र करतात. ते सहहिस्सेदाराच्याच लाभात होते. जावयाला किंवा शेजाऱ्याला हिस्सा द्यायचा, तर बक्षीसपत्र किंवा खरेदीखत लागते.

सुरुवात वारस नोंदीपासून करा. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे देऊन तलाठ्याकडे अर्ज करायचा. शहरातली मिळकत असेल, तर नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवर नोंद होते. बहिणींची नावे गाळून ‘पुढे बघू’ म्हणणारी घरे पुढे कोर्टात भेटतात. वडील हयात असतील आणि मिळकत त्यांची स्वकष्टार्जित असेल, तर मुलांकडे सोडण्यासारखा हक्कच नसतो. तेव्हा लिहून घेतलेल्या कागदाच्या भरवशावर राहू नका.

नोंद झाली की मसुदा. खरी मेहनत इथे आहे. कोण सोडतो, कोणाच्या लाभात सोडतो, हिस्सा किती, गट नंबर, क्षेत्र, चतु:सीमा हे सगळे ताज्या उताऱ्यावरून उतरवा. एकाच गटातला हक्क सोडायचा असेल, तर मसुद्यात ‘व इतर सर्व मिळकती’ असे शब्द घुसलेले नाहीत ना, हे पाहा. आईला हयातभर घरात राहू द्यायचे ठरले असेल, तर तेही दस्तातच लिहा. बहिणीने दस्त स्वतः वाचावा, निदान शांतपणे वाचून घ्यावा. चहाच्या कपाशेजारी सही उरकू नये. एकदा नोंदलेले हक्कसोडपत्र मन बदलले म्हणून फिरत नाही. फसवणूक किंवा दबाव झाला असेल, तर ते कोर्टात सिद्ध करावे लागते. वारसांत अज्ञान (१८ वर्षांखालील) मूल असेल, तर हिंदू कुटुंबात त्याचा हिस्सा सोडण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

मुद्रांक शुल्काचे गणित मोबदल्यावर फिरते. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क भाऊ, बहीण, आई-वडील, पती-पत्नी, मुले अशा जवळच्यांच्या लाभात विनामोबदला सोडला, तर शुल्क नाममात्र. ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये. पैसे घेऊन सोडला, तर खरेदीखताच्या दराने. शुल्क वाचवण्यासाठी घेतलेली रक्कम लपवू नका. उद्या वाद झाला, तर तुमचाच कागद तुमच्याविरुद्ध बोलतो.

मग दुय्यम निबंधक कार्यालय. हक्क सोडणारा, घेणारा आणि दोन साक्षीदार यांनी ओळखपत्रांसह जायचे. फोटो आणि अंगठ्याचे ठसे तिथेच होतात. सही केल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला द्यावा लागतो. ‘पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली’ किंवा ‘तलाठ्यापुढे जबाब दिला’ एवढ्यावर स्थावर मिळकतीतला हक्क सुटत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार १०० रुपयांपासून पुढच्या मूल्याच्या हक्काला नोंदणी सक्तीची आहे.

दस्त नोंदला म्हणजे सातबारा बदलला असे समजू नका. दस्ताची प्रत आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) घेऊन फेरफाराचा, म्हणजे उताऱ्यावरील नावबदलाच्या नोंदीचा, पाठपुरावा करा. हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्यानंतर नवा उतारा काढून नाव, क्षेत्र आणि आणेवारी (हिश्शाचे प्रमाण) दस्ताशी ताडून पाहा.