दोन प्रोसेसरच्या मशीनमध्ये रॅम कमी दिसते? या चुका टाळा

रॅम कमी दिसली की लोकांचं निदान ठरलेलं: स्टिक गेली. मग खोडरबर घेऊन सोनेरी पट्ट्या घासत बसायचं, नाहीतर नवी स्टिक आणायची. दोन प्रोसेसरच्या ज्या मशीन माझ्याकडे आल्या, त्यांत बहुतेक वेळा स्टिक धडधाकट निघाली.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे दुसरं सॉकेट, म्हणजे बोर्डावरची दुसऱ्या प्रोसेसरची जागा, रिकामं ठेवून त्याच्या वाट्याच्या स्लॉटमध्ये रॅम भरणं. रॅम सांभाळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्याच पोटात असतो. एएमडीच्या ऑप्टेरॉनमध्ये २००३ पासून, इंटेलच्या झिऑनमध्ये २००९ च्या ५५०० मालिकेपासून. प्रोसेसर नाही तर ते स्लॉटही नाहीत. ६४ जीबी भरा, ३२च दिसेल.

दुसरी चूक घाईची. एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओतलं मशीन आलं होतं. दोन झिऑन स्केलेबल, एलजीए ३६४७ सॉकेट, प्रत्येक प्रोसेसरला सहा चॅनेल (रॅमकडे जाणारे रस्ते), १६ जीबीच्या बारा स्टिक. दिसायला हवेत १९२ जीबी, पण बायॉस (मशीन सुरू होताना आधी चालणारा प्रोग्रॅम) दाखवतं १७६. मालकांनी तोवर दोन नव्या स्टिक आणल्याही होत्या. मी दोन स्लॉटमधल्या स्टिकची अदलाबदल केली. गायब राहिला तो आधीचाच स्लॉट. या सॉकेटमध्ये प्रोसेसरला दाबून धरतो तो हीटसिंकच. कोणीतरी एका बाजूचे स्क्रू करकचून आवळले होते, दुसरी बाजू तशीच. प्रोसेसर केसभर कलला, पिनांचा स्पर्श सुटला, एक चॅनेल गेलं. मशीन सुरू होत होतं, म्हणून तिकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. हीटसिंक उतरवला, टॉर्च मारून पिना तपासल्या आणि लेबलवरच्या क्रमाने चारही स्क्रू थोडे थोडे आवळले. १९२ आले. तो क्रम वाचायला दहा सेकंद लागतात. तेवढाही धीर नसेल तर सॉकेटला हात लावू नका. पिना वाकल्या तर अख्खा बोर्ड जातो.

माझी सवय अशी: प्रत्येक स्टिकला कागदी टेप लावून त्यावर स्लॉटचा नंबर लिहायचा आणि एका वेळी एकच बदल करायचा. चार स्टिक एकदम हलवल्या की कशाने काय झालं ते कळत नाही.

बायॉसमध्ये मेमरी मिररिंग, म्हणजे रॅममधल्या माहितीची दुसरी प्रत रॅममध्येच ठेवणं, चालू असेल तर निम्मीच रॅम मिळते.

आणि बायॉसमध्ये आकडा पूर्ण असून विंडोजमध्येच कमी असेल, तर कॅबिनेट उघडूच नका. विंडोज ७ होम प्रीमियम १६ जीबीपुढे जात नाही. सिस्टिम कॉन्फिगरेशनच्या बूट टॅबमध्ये, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्सखाली, 'मॅक्झिमम मेमरी'वर खूण असेल तर ती काढा आणि मशीन रीस्टार्ट करा.