कळसूबाईला ग्रुपने जाताय? हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा

मुंबईहून मित्रांबरोबर कळसूबाईचा प्लॅन असेल तर बारी गावातून चढायला लागायच्या आधीच एक ठरवून टाका, सगळ्यात हळू चालणारा पुढे आणि दमदार, रस्ता माहीत असलेला माणूस सगळ्यात शेवटी. नाहीतर काय होतं, फास्ट मंडळी पुढे जाऊन निवांत बसतात, मागचा धापा टाकत पोचतो आणि तो पोचला की हे लगेच उठून चालायला लागतात, म्हणजे ज्याला खरी विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही! राज्यातलं सर्वात उंच शिखर आहे, १६४६ मीटर, विरार लोकल पकडायची घाई इथे नको. चढताना गप्पा मारता येतील एवढाच स्पीड ठेवा, बोलताना दम लागला की स्लो व्हा.

लोखंडी शिड्यांवर दोन्ही हात मोकळे पाहिजेत, मोबाईल खिशात, बाटली सॅकमध्ये, आणि पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात तेव्हा उतरताना तोंड शिडीकडे करूनच उतरा, मागून कोणी घाई करत असेल तर त्याला सरळ थांबवा. पाणी माणशी तीन लिटर तरी घ्याच. आणि कसाऱ्याहून परतीची लोकल किती वाजताची ते बघून माथ्यावरून कधी निघायचं हे सकाळीच ठरवा, वर गेल्यावर कोणाचाच पाय निघत नाही.