फिटरच्या अप्रेंटिसशिपला निघण्यापूर्वी

मध्य रेल्वेच्या अप्रेंटिसशिपला लेखी परीक्षा नसते. दहावी आणि आयटीआयच्या टक्क्यांची सरासरी काढून यादी लागते. मार्क तर आता वाढायचे नाहीत, तेव्हा अर्ज बाद होणार नाही एवढं आपण बघायचं. दहावीला किमान ५० टक्के, ट्रेडचं आयटीआय प्रमाणपत्र आणि वय १५ ते २४. ओबीसींना ३, अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षांची सवलत.

जाहिरातीची वाट न बघता दहावीची मार्कलिस्ट, आयटीआयचं प्रमाणपत्र, आधार आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षरन् अक्षर जुळवा. एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, असं हमखास निघतं. जन्मतारीखही बघा. फरक असेल तर दहावीच्या कागदाप्रमाणे आधार दुरुस्त करून घ्या. उलट करायला गेलात तर बोर्डात खेटे घालत बसाल. ओबीसी मुलांनी राज्याच्या दाखल्यावर निश्चिंत राहू नये. केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो, आणि शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्रात गेलात तर तो वेळेत मिळेलच असं नाही. फोटो, सही स्कॅन करून मोबाईलमध्ये ठेवा, हे सांगायला नकोच.

परीक्षा नाही म्हणून वह्या रद्दीत घालू नका. वर्कशॉपमध्ये कुणीतरी हातात व्हर्निअर, म्हणजे जबड्यात धरून माप घ्यायचं साधन, देतंच, आणि तिथे टक्के विचारत नाहीत. नेहमीच्या मेट्रिक व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सर्वांत लहान माप, ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचा ०.०१. पण माप घेण्याआधी जबडे मिटवून झिरो एरर, म्हणजे माप शून्यावर येतं की नाही, ते बघायची सवय हवी. पाठांतर केलेला पोरगा नेमका इथेच सापडतो. एम १० चा टॅप मारायचा, म्हणजे १० मिमीच्या बोल्टसाठी भोकात आटे पाडायचे, तर ड्रिल ८.५ मिमीचं, कारण पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ आहे आणि १० मधून तो वजा करायचा. ही वजाबाकी समजली की तक्ता पाठ करावा लागत नाही. ड्रॉइंग आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धतीचं: वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली. कानस कुठली रफ, कुठली स्मूथ, हे बोटांना कळायला हवं. ड्रिल मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत. बाह्या सैल नकोत, मनगटातला दोरा घरीच काढून ठेवा, आईला आधी सांगून.

वर्षाअखेरची ऑल इंडिया ट्रेड टेस्ट मात्र द्यायचीच. अप्रेंटिसशिप म्हणजे नोकरी नव्हे, पण रेल्वेच्या लेव्हल १ (पूर्वीच्या ग्रुप डी) भरतीत २० टक्के जागा अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी राखीव असतात, आणि तिथे ही टेस्ट पास झाल्यावर मिळणारं प्रमाणपत्रच मागतात.