पेजमेकरच्या लॅपटॉपवर विंडोज ७ टाकण्यापूर्वी

शेजारच्या प्रेसवाल्या काकांचा २०११ सालचा लॅपटॉप माझ्याकडे आला आहे. मध्यंतरी कुणीतरी तो विंडोज १० वर नेला होता. तेव्हापासून पेजमेकर ७ हे छपाईची पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर अडखळत उघडतं आणि मराठी अक्षरांच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे जे लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही ते छोटं उपकरण, कधी दिसतं, कधी दिसत नाही. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेटही थांबले. काकांचं म्हणणं सरळ आहे: "मला नवीन काही शिकवू नकोस. वीस वर्षांच्या पत्रिका, अहवाल, स्मरणिका यात आहेत. त्या उघडल्या पाहिजेत आणि त्यात दुरुस्ती करता आली पाहिजे." म्हणून त्यावर पुन्हा विंडोज ७ टाकायची आहे. हे काम मी याआधीही काही प्रेसवाल्यांसाठी केलं आहे. विंडोज टाकायला तासभर पुरतो, तयारीला मात्र दोन दिवस हाताशी ठेवावे लागतात. ती तयारी इथे लिहितो, कारण गावोगावच्या डीटीपीवाल्यांकडे (संगणकावर छपाईची पानं जुळवणाऱ्यांकडे) असे लॅपटॉप अजून आहेत आणि फॉरमॅट मारून मोकळं होण्याच्या घाईत त्यातलं काम कायमचं जातं.

आधी गरज तपासा. लॅपटॉप फक्त इंटरनेट, मेल आणि पत्रं लिहायला हवा असेल, तर विंडोज ७ टाकू नका. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाका, ती सुरक्षितही आहे आणि जुन्या यंत्रावर चालतंही. घरात दुसरा दणकट संगणक असेल, तर त्यावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे एका संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, जुनी विंडोज चालवून बघा. यूएसबी डोंगल तिथे बहुतेक वेळा पोहोचवता येतं. समांतर पोर्टाचं (जुन्या प्रिंटरच्या रुंद जोडणीचं) डोंगल असेल, तर मात्र यूएसबीवरून प्रिंटर जोडण्याच्या केबलने ते चालेल अशी आशा धरू नका. त्या केबली प्रिंटरपुरत्याच असतात. आमच्या काकांचं डोंगल यूएसबीचं आहे, जुनी सीडी शाबूत आहे आणि दुसरा संगणक नाही, म्हणून हा मार्ग.

आता सगळ्यात मोठं काम, म्हणजे जुना मजकूर बाहेर काढणं. नुसतं डी ड्राइव्ह उचलून पोर्टेबल हार्ड डिस्कवर टाकलं म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. पेजमेकरच्या फायलीत चित्रं नेहमी आत नसतात, कित्येकदा फक्त त्यांचा पत्ता असतो. चित्र डेस्कटॉपवर, डाउनलोडमध्ये, कधी कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवर होतं आणि तिथूनच लावलेलं असतं. म्हणून महत्त्वाची प्रत्येक फाइल उघडा, 'सेव्ह ॲज' करा आणि त्या चौकटीत 'कॉपी'खाली 'ऑल लिंक्ड फाइल्स' निवडून प्रत्येक कामासाठी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. याला वेळ लागतो. काकांच्या एकशे चाळीस फायलींना मला सबंध शनिवार लागला. शेवटी छापून गेलेल्या प्रत्येक कामाची पीडीएफ काढा. पुढे काहीही बिघडलं, तरी पान कसं होतं याचा पुरावा तुमच्याकडे राहतो.

मग फॉन्ट. श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या जुन्या संचांतले फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेला क्रमांक असलेल्या आताच्या पद्धतीचे नाहीत. त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले आहेत. काना एका जागी, वेलांटी दुसऱ्या जागी, अर्धा 'त' तिसऱ्या जागी. तो फॉन्ट यंत्रावर नसेल, तर 'विवाह निमंत्रण'च्या जागी निरर्थक रोमन अक्षरं उमटतात. याहून घातक प्रकार वेगळा आहे. एका संस्थेचा अहवाल मी नव्याने बसवलेल्या यंत्रावर उघडला. मजकूर मराठीतच दिसला, फॉन्टचं नावही तेच. तीन पानं वाचल्यावर लक्षात आलं की काही जोडाक्षरं बदलली आहेत, 'श्र' होतं तिथे भलतंच चिन्ह आलं आहे. त्याच नावाच्या फॉन्टची वेगळी आवृत्ती माझ्याकडे होती आणि मूळ फॉन्ट मी फॉरमॅटसोबत घालवून बसलो होतो. छपाईच्या आदल्या रात्री सहा तास बसून एकेक जोडाक्षर हाताने बदललं. तेव्हापासून फॉन्ट मी इंटरनेटवरून किंवा मित्राकडून घेत नाही. त्याच यंत्रातले, तेच उचलतो.

ते उचलताना दोन जागा बघा. एक विंडोजच्या फोल्डरमधला नेहमीचा फॉन्ट्स विभाग. दुसरी जागा बहुतेकांना ठाऊक नसते. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून फॉन्टवर नुसतं 'इन्स्टॉल' दाबलं, तर तो फक्त त्या वापरकर्त्यासाठी बसतो आणि ॲपडेटाच्या लोकल विभागात, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स अशा आतल्या फोल्डरमध्ये जाऊन राहतो. काकांच्या लॅपटॉपवर अकरा फॉन्ट तिथेच सापडले. टाइप १ जातीचे फॉन्ट असतील, तर पीएफबी आणि पीएफएम या दोन्ही फायली जोडीनेच घ्या, एकटी निरुपयोगी. सॉफ्टवेअरची सीडी असेल, तर तिची इमेज (एका फाइलीत हुबेहूब प्रत) काढून ठेवा. डोंगलचा ड्रायव्हर कंपनीने दिलेला आहे तोच जपा आणि काकांना विचारून की-बोर्डची मांडणी कोणती, हे कागदावर लिहून घ्या. टंकलेखनाची मांडणी हातात बसलेल्या माणसाला इनस्क्रिप्ट ही वेगळी मांडणी देऊन चालत नाही.

बॅकअपच्या दोन प्रती करा आणि त्यातली एक दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. उघडून न बघितलेली प्रत मी धरतच नाही.

लायसन्ससाठी लॅपटॉप उलटा करा. खाली विंडोजचं स्टिकर असतं, त्यावर पंचवीस अक्षरांची की, म्हणजे परवान्याचा क्रमांक. मांडीवर, टेबलावर घासून ती पुसट झालेली असते. खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा धरला की अक्षरं उठून दिसतात. '८' आणि 'बी' नीट ओळखा, फोटो काढा, कागदावरही लिहा. विंडोज १० वर नेलेल्या यंत्रात आतून की शोधणाऱ्या प्रोग्रॅमवर विसंबू नका, कारण तिथे बऱ्याचदा सर्वांना सारखी असणारी की मिळते. स्टिकरवर आवृत्तीचं नावही वाचा. भारतात अनेक लॅपटॉप होम बेसिकवर यायचे, आणि होम बेसिकची की प्रोफेशनलला चालत नाही. विंडोजच्या ३२-बिट आणि ६४-बिट या दोन्ही प्रकारांना मात्र तीच की चालते. डिस्कवर कंपनीने मूळ विंडोज परत बसवण्यासाठी ठेवलेला भाग, म्हणजे रिकव्हरी पार्टिशन, शिल्लक असेल तर फारच छान, ते पुसू नका. बाजारातल्या 'ॲक्टिव्हेटेड' सीडीला हात लावू नका. त्यात काय काय मिसळलेलं असतं, हे छापखान्याच्या कामात धोका पत्करण्याजोगं नाही.

३२-बिट की ६४-बिट हा प्रश्न मी काकांसाठी लगेच सोडवला: ३२-बिट. जुन्या काळच्या काही प्रोग्रॅमांचे इन्स्टॉलर १६-बिटचे आहेत आणि ६४-बिट विंडोज ते मुळीच चालवत नाही. ३२-बिटला चार जीबीपैकी सव्वातीनच्या आसपास रॅम वापरता येते, पेजमेकरला तेवढी पुष्कळ आहे. विंडोज ७ ची किमान मागणी ३२-बिटला १ जीबी रॅम आणि १६ जीबी डिस्क, ६४-बिटला २ जीबी आणि २० जीबी अशी होती.

यंत्र उघडण्याआधी त्याच्या पोटावरून हात फिरवा. टचपॅड वर उचलल्यासारखं वाटत असेल किंवा लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नसेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. ती आधी बाहेर काढा, टोचू नका, दाबू नका. बॅटरी मेली असेल, तर इन्स्टॉलेशन इन्व्हर्टर किंवा यूपीएसवरच करा. पावसाळ्यात आमच्याकडे वीज दिवसातून दोनदा जाते, आणि अर्ध्या वाटेवर वीज गेली की सगळं पहिल्यापासून. घड्याळ दर वेळी मागच्या सालात जात असेल, तर आतला सीमॉस सेल (घड्याळ चालू ठेवणारी छोटी बॅटरी) बदला. चुकीच्या तारखेमुळे सर्टिफिकेटच्या अडचणी येतात आणि कारण सापडत नाही. डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅमने बघा. 'रिअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग' सेक्टर, म्हणजे डिस्कचे बिघडलेले किंवा बिघडू लागलेले तुकडे, वाढलेले दिसले, तर त्या डिस्कवर पुन्हा विंडोज टाकणं व्यर्थ. अडीच इंची साटा एसएसडी घ्या. काही लॅपटॉपांत ९.५ मिमीची जागा असते आणि एसएसडी ७ मिमीची, तेव्हा सोबतची चौकट लावायला विसरू नका. जुनी डिस्क पुसू नका, कागदात गुंडाळून नाव लिहून काकांच्या कपाटात ठेवा. माझ्या मते हाच सगळ्यात स्वस्त विमा आहे. पंखा साफ करा, स्क्रू जिथले तिथे कागदावर चिकटवून ठेवा.

ड्रायव्हर विंडोज १० चालू असतानाच गोळा करा. लॅपटॉपच्या तळाशी असलेला पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावरून विंडोज ७, ३२-बिटचे ड्रायव्हर उतरवा. चिपसेट, ग्राफिक्स, लॅन, वायफाय, आवाज, टचपॅड, याच क्रमाने नंतर टाका. एखादा मिळाला नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या भागाचा हार्डवेअर आयडी असतो, त्यातल्या व्हेन (VEN) आणि डेव्ह (DEV) नंतरचे चार-चार अक्षर-अंक लिहून घ्या. व्हेन ८०८६ असेल तर तो इंटेलचा.

आठ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह बनवणाऱ्या रुफस या प्रोग्रॅममध्ये एमबीआर (डिस्कची जुनी मांडणी) आणि बायोस (यंत्र सुरू करायची जुनी पद्धत) निवडा, कारण ३२-बिट विंडोज ७ यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होत नाही. थोड्या नव्या लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट बंद करून लेगसी (जुनी बायोस पद्धत) चालू करावं लागतं, आणि डिस्क जीपीटी या नव्या मांडणीची असेल तर ती पुसून एमबीआर करावी लागते. पेन ड्राइव्ह काळ्या यूएसबी पोर्टात लावा, निळ्यात नाही. विंडोज ७ च्या इन्स्टॉलरला यूएसबी ३ चे ड्रायव्हर माहीत नाहीत. निळ्या पोर्टात लावलं की तो सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर मागत बसतो आणि माणूस सीडी ड्राइव्ह बिघडला म्हणून दुकान गाठतो.

अपडेटचा संचही आधीच मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरून उतरवून ठेवा. सर्व्हिस पॅक १ आधी, मग केबी३०२०३६९ (केबी म्हणजे मायक्रोसॉफ्टचा अपडेट-क्रमांक), त्यावर २०१६ चा मोठा संच केबी३१२५५७४, नंतर केबी४४९०६२८ आणि केबी४४७४४१९. शेवटच्या दोन नसतील, तर २०१९ नंतरच्या नव्या पद्धतीने सही केलेले अपडेट विंडोज ७ स्वीकारत नाही. आणखी एक खास आपल्या कामाचं. रुपयाचं ₹ चिन्ह जुलै २०१० मध्ये ठरलं, विंडोज ७ त्याआधी २२ ऑक्टोबर २००९ ला आली होती. मूळ सीडीवरच्या विंडोजमध्ये ते चिन्ह नाहीच. केबी२४९६८९८ हा अपडेट बसला आहे का, ते बघा, नाहीतर युनिकोडमधल्या दरपत्रकात रुपयाच्या जागी चौकोन दिसेल.

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, क्रोम ब्राउझरची १०९ ही तिच्यासाठीची शेवटची आवृत्ती. तेव्हा बँक, मेल, यूपीआय यातलं काहीही या यंत्रावर नको, हे काकांना आधीच समोर बसवून सांगितलं. वरच्या यादीतला वायफायचा ड्रायव्हर काकांच्या यंत्रात मी म्हणूनच टाकला नाही. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या यंत्रावर तपासायचा, तोपर्यंत इथे लावायचा नाही. घरात दुसरं यंत्र नाही, म्हणून ते तपासणं काकांच्या मुलीच्या लॅपटॉपवर ठरलं आहे.

प्रत्यक्ष टाकताना डोंगल बाहेर ठेवा. विंडोज, ड्रायव्हर, अपडेट, डोंगलचा ड्रायव्हर, मग डोंगल, मग मराठी सॉफ्टवेअर, शेवटी पेजमेकर आणि फॉन्ट. पेजमेकर 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' देऊन उघडा. लगेच कामाला लागू नका. पत्रिकांतली सगळ्यात जोडाक्षरांनी भरलेली एक निवडा, जुनी पीडीएफ शेजारी ठेवा आणि ओळ न् ओळ ताडून बघा. 'श्री', 'कृपया', 'ज्येष्ठ', 'शुभाशीर्वाद'. काकांनी स्वतः चष्मा लावून हे वाचलं, मी मध्ये बोललो नाही. सगळं जुळल्यावरच क्लोनझिला या प्रोग्रॅमने पूर्ण डिस्कची इमेज काढली, पोर्टेबल डिस्कवर ठेवली आणि तिच्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवून ती कपाटात जुन्या डिस्कशेजारी ठेवायला दिली.