मुंबईतला बुजवलेला समुद्र पायी कसा शोधायचा

यासाठी टूर वगैरे लावायची काही गरज नाही, रविवारची सकाळ, पायात भिजले तरी चालतील असे सँडल आणि भरती-ओहोटीच्या वेळा एवढं पुरे. मुंबई मुळात सात बेटं, हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलंय, कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. पण मधलं पाणी नक्की कुठे होतं ते कोणी दाखवत नाही. माझी ट्रिक सोपी आहे, ज्या नावात पाणी आहे आणि जागेवर थेंबभर नाही तिथे थांबायचं. उमरखाडी, धोबीतलाव, चिंचबंदर, बोरीबंदर, नुसती नावं वाचत गेलात तरी अर्धा नकाशा तयार होतो.

सुरुवात मशीद स्टेशनवरून करा, पण स्लो लोकल पकडा, फास्ट तिथे थांबत नाही आणि मेगाब्लॉक आहे का ते आदल्या रात्रीच बघून ठेवा (मी एकदा नाही बघितला, भायखळ्याहून चालत आलो). वेस्टला उतरून सॅम्युएल स्ट्रीट विचारा. तिथे १७९६ साली बेने इस्रायली लोकांनी म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी बांधलेल्या सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाची, परंपरा आहे आणि स्टेशनाच्या नावातली 'मशीद' ती हीच असं सांगतात.

तिथून पायधुणीला या. इथे घाई करू नका. मुंबई आणि माझगाव या दोन बेटांच्या मधली खाडी इथे होती, ओहोटीला लोक चिखलातून पलीकडे यायचे आणि पाय धुवायचे, म्हणून पायधुणी. आता चौकात उभं राहिलात तर मागून हातगाडीवाला "बाजू बाजू" करत अंगावर येतो, त्यामुळे फुटपाथ धरून उभे रहा आणि रस्त्याचा उतार बघा, कुठून कुठे जातो ते. जवळच मुंबादेवी आहे, दर्शन घ्या, पण लक्षात असू द्या की देवीचं आधीचं देऊळ बोरीबंदरच्या बाजूला होतं, इंग्रजांच्या किल्ल्याच्या कामापायी तिला इकडे हलावं लागलं. म्हणजे जिच्या नावावरून शहर, तिलाही ट्रान्सफर चुकली नाही!

मग क्रॉफर्ड मार्केटवरून सीएसएमटी. स्टेशनचे फोटो सगळेच काढतात, तुम्ही पटकन पुढे जा, बझारगेट स्ट्रीटला. इथे 'गेट' शोधू नका, सापडणार नाही. किल्ल्याला तीन दरवाजे होते, बाजारगेट, चर्चगेट आणि अपोलो, आणि १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरने तटबंदीच पाडली. चर्चगेटमधलं चर्च मात्र आहे, १७१८ चं सेंट थॉमस, हॉर्निमन सर्कलजवळ. जुने मैलाचे दगड याच चर्चपासून अंतर मोजायचे, रोमन आकडे कोरलेले काही अजून फुटपाथांच्या कडेला आहेत. मोठ्या इमारतींपेक्षा मला हेच दगड आवडतात.

हॉर्निमन सर्कलच्या जागी आधी मोकळं मैदान होतं आणि तिथे कापसाचे गठ्ठे रचलेले असायचे, म्हणून कॉटन ग्रीन. नंतर कापूस कुलाब्याला गेला, तिथून शिवडीकडे, आणि नावही त्याच्याबरोबर फिरत फिरत हार्बर लाइनच्या स्टेशनावर जाऊन बसलं.

शेवटचा टप्पा चालत करू नका, टॅक्सी किंवा बस करून हाजीअलीला जा. वरळी आणि मुंबई बेटांमधून भरतीचं पाणी आत घुसायचं, ते अडवायला गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात बांध घातला, १७८४ च्या आसपास पुरा झाला, आज त्याच्यावरून लाला लजपतराय मार्ग जातो. बांध सारखा कोसळायचा, मग रामजी शिवजी प्रभू या इंजिनिअरला देवी स्वप्नात आली, समुद्रातून मूर्ती काढल्या तेव्हा कुठे काम टिकलं आणि महालक्ष्मीचं देऊळ झालं, अशी गोष्ट आहे. मानायची की नाही तुमचं तुम्ही ठरवा.

इथे पोचायची वेळ मात्र सांभाळा, भरती सुरू व्हायच्या थोडं आधी. दर्ग्याकडे जाणारी वाट आधी कडेने ओली होते, मग मधून एक पातळ लाट सरकते, लोक चपला हातात घेऊन पळत येतात, आणि थोड्या वेळात वाट दिसेनाशी होऊन दर्गा पुन्हा बेट होतो.