खडतर रस्त्यांसाठी कॅरॅव्हॅनचं सस्पेन्शन कसं निवडावं

गाडीमागे ओढायच्या कॅरॅव्हॅनसाठी सस्पेन्शन, म्हणजे चाकं आणि सांगाडा यांच्यामधली हादरे झेलणारी जोडणी, निवडायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो: पाटे (एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) बरे की कॉइल स्प्रिंग (वेटोळ्याची)? हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि आधी वजनकाट्यावर जा.

कॅरॅव्हॅन लांबच्या प्रवासाला निघताना जशी भरता, तशीच भरून न्या. पाणी, गॅसच्या टाक्या, अंथरुणं, भांडी, हत्यारं, जादा टायर, सगळं आत असू द्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे 100 लिटरच्या दोन टाक्या भरल्या की 200 किलो वाढले. पाटीवरचं रिकामं वजन इथे कामाचं नाही. शक्य असेल तर डाव्या आणि उजव्या चाकांवरचं वजन वेगवेगळं मोजा. स्वयंपाकाचा ओटा आणि फ्रिज एकाच बाजूला असतील तर फरक लगेच दिसतो. सस्पेन्शनची क्षमता या भरलेल्या वजनापेक्षा थोडी जास्त हवी, पण फार जास्त नको. गरजेपेक्षा ताठ स्प्रिंग दबतच नाही. मग प्रत्येक हादरा चेसिसला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, आणि आतल्या कपाटांना बसतो.

आता प्रकारांकडे या. पाट्याची स्प्रिंग साधी, स्वस्त आणि जड. पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे उसळी थोडी आपोआप आवरली जाते. हिचा खरा गुण दुरुस्तीत आहे: पाटा तुटला तर साध्या वर्कशॉपमध्येही तो बदलता येतो. रबर भरलेल्या नळीचा टॉर्शन ॲक्सल सुटसुटीत असतो, ग्रीस लागत नाही. पण आतलं रबर दमलं की सहसा अख्खा ॲक्सलच बदलावा लागतो. दूरच्या कच्च्या रस्त्यांसाठी मी तो घेणार नाही.

ट्रेलिंग आर्म (चाकाला सांगाड्याशी जोडणारा, वरखाली हलणारा दांडा) आणि कॉइल स्प्रिंगच्या जोडणीत प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होतं. मधे आडवा ॲक्सल नसल्याने पोटाखाली जागा जास्त मिळते आणि आतलं सामान कमी हादरतं. मात्र अलाइनमेंट वेळोवेळी तपासावी लागते, नाहीतर टायर एकाच कडेने झिजतो. कॉइलऐवजी हवेच्या पिशव्या घेतल्या तर मुक्कामाला कॅरॅव्हॅन सपाट करणं सोपं जातं. पण कंप्रेसर, व्हॉल्व्ह आणि नळ्या यांची काळजीही मागे लागते. चार चाकांची कॅरॅव्हॅन पाट्यांवर असेल, तर पुढच्या-मागच्या पाट्यांना जोडून भार वाटून घेणारा रॉकर आहे ना, ते बघा.

सगळ्यात जास्त वेळ शॉकॲब्सॉर्बरला द्या, कारण लोक इथेच कमी पडतात. मोठा खड्डा एक दणका देतो आणि संपतो. पन्हळी पत्र्यासारखा लाटांचा रस्ता मात्र तासन् तास चाक थरथरवत ठेवतो. स्प्रिंग ती उसळी साठवते, शॉकॲब्सॉर्बर तिची उष्णता करतो. आतलं तेल तापलं, त्याला फेस आला, की दांडा सहज आतबाहेर होऊ लागतो आणि चाकावरचा ताबा सुटतो. म्हणून तेल जास्त मावेल असा जाड, मजबूत शॉकॲब्सॉर्बर घ्या. जड कॅरॅव्हॅनला प्रत्येक चाकाला दोन असतील तर उष्णता वाटली जाते आणि एक गेला तरी दुसरा मुक्कामापर्यंत नेतो. पाट्यांच्या कॅरॅव्हॅनला बऱ्याचदा ते मुळात बसवलेलेच नसतात, बसवून घ्या. अशा रस्त्यावर वेग उतरवा, टायरमधली हवा थोडी कमी करा आणि मधे थांबून सगळं थंड होऊ द्या. पक्का रस्ता लागला की हवा पुन्हा भरायची.

पैसे देण्याआधी टॉर्च घेऊन खाली आडवे व्हा. वेल्डिंगच्या कडेला केसासारखी रेघ, शॉकॲब्सॉर्बरच्या अंगावर तेलाला चिकटलेली धूळ, बोल्टच्या डोक्याभोवती घासून चमकणारं कडं: यातलं काहीही दिसलं तर पुढे जाऊ नका. ते चमकणारं कडं म्हणजे बोल्ट जागेवर हलतोय. बुश (सांध्यांमधल्या छोट्या नळ्या), शॉकॲब्सॉर्बर आणि बेअरिंग सहज मिळणाऱ्या मापाचे आहेत का, तेही विचारा. निर्जन ठिकाणी चार महिन्यांनी येणाऱ्या सुट्या भागाचा उपयोग नाही. निघताना बेअरिंगचा एक संच, दोन बुश आणि यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला आवळणारे U आकाराचे बोल्ट) जवळ ठेवा.

नवं सस्पेन्शन बसवल्यावर पहिल्या 50 ते 100 किलोमीटरनंतर थांबा. चाकाचे नट आणि यू-बोल्ट ठरवून दिलेल्या ताकदीने, टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. मग तळहात नव्हे, हाताची मागची बाजू प्रत्येक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, न्या. सगळे सारखेच कोमट असतील तर चला. एकच हब बाकीच्यांपेक्षा तापलेला लागला, तर तिथली बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक तपासल्याशिवाय हलू नका.